बारा ते तीनचा पार

माझी भाताची गिरण आहे. गिरणीत कोंडा कोणी मुद्दाम जमवत नाही, पण संध्याकाळी बघाल तर कोपऱ्यात गुडघाभर ढीग झालेला असतो. आमच्या वाडीच्या भजनी मंडळाच्या किश्शांचं तसंच आहे. जमवले कोणी नाहीत, साठले. आता तर वाडीत माणसं कमी आणि किस्से जास्त झालेत. मी सांगायला बसलो की समोरच्याचा चहा गार होतो, तेव्हा तो आधी पिऊन घ्या.

गाव आमचा मसुऱ्याच्या पुढे, खाडीला लागून. कार्तिकात रवळनाथाच्या देवळात सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री ‘राम कृष्ण हरी’ थांबत नाही. मधोमध समई, तिच्याभोवती वीणा गळ्यात घेतलेला माणूस फिरतो, त्याच्यामागून टाळकरी. वीणा जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात जायची. एकाने नाम टाकायचं, दुसऱ्याने ते जसंच्या तसं झेलायचं, आणि झेलल्याशिवाय पुढचं टाकायचं नाही. प्रत्येक वाडीला तीन-तीन तास वाटून दिलेले आहेत, त्याला आम्ही पार म्हणतो. सकाळी नऊ ते बारा बायकांचा पार, बारा ते तीन आमच्या खालच्या वाडीचा, तीन ते सहा वरच्या वाडीचा.

खालच्या वाडीत घरं बावीस. त्यातल्या तेरा घरांना कुलूप, ती चतुर्थीला आणि मे महिन्यात उघडतात. उरलेल्या नऊ घरांत मिळून आम्ही भजनाला चौघे. वरची वाडी मोठी, तिथे माणसं उतू चाललीत. मागे गावच्या बैठकीत ठराव झाला, की ज्या वाडीच्या पारात खंड पडेल तिचा पार वरच्या वाडीने घ्यायचा, कायमचा. ठराव मांडला वरच्या वाडीच्या गोपाळने. हे सांगायला नकोच.

तेव्हापासून आमचा आपा कार्तिक आला की जेवत नाही नीट. आपा म्हणजे आमचा वीणेकरी. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, पण आवाज खाडीपलीकडे जाईल असा. त्याच्या बापाने हा पार राखला, त्याआधी आजाने. “माझ्या हातात तुटलो, तर वर जावन बापाशीक काय सांगू?” असं तो दरवर्षी म्हणतो, आणि म्हणताना खरंच घाबरलेला असतो. चेष्टा नाही ती.

*

आता त्यात भर अशी, की आपाचं सख्ख्या भावाशी बोलणं नाही. सख्खा भाऊ म्हणजे बाबी, आमचा पखवाजवाला.

भांडण कशावरून, तर टीव्हीच्या छत्रीवरून. दोघांच्या घरांच्या मधल्या बांधावर रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड आहे, बापाने लावलेलं. सात वर्षांपूर्वी बाबीने घरावर डिशची छत्री बसवली. सिग्नल मिळेना. लावायला आलेला माणूस म्हणाला, फांदी आड येते. बाबीने कोयता घेतला. आपा दुपारी झोपून उठला तर फांदी खाली आणि छत्री वर!

“माका इचारल्यान नाय,” हे आपाचं दुखणं. “फांदयेक काय इचारूचा?” हे बाबीचं. झालं. पुढे बाबीच्या चेडवाचं, म्हणजे मुलीचं लग्न झालं, आपा गेला नाही. मग आपाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, बाबी बघायला गेला नाही. घरं एकमेकांना चिकटलेली, आणि दोघांत एक शब्द नाही.

पण भजन एकत्र. वाडीचा पार आहे ना! आपा नाम टाकतो, मी आणि सद्या ते झेलतो, बाबी खांबाजवळ बसून पखवाज वाजवतो. सद्या म्हणजे चौथा, होडीवाला. बाबीने सात वर्षांत आपाचं नाम एकदाही झेललेलं नाही. तोंड मिटून फक्त हात चालवतो.

बाकीचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. मी पाप केलं असणार मागच्या जन्मी. दोघे दोन हातांवर उभे असतात आणि आपा मला सांगतो, “बाळा, तेका सांग, पखवाजाक लावलेली कणीक जास्त झाली हा, आवाज बसता.” बाबीने ते ऐकलेलं असतं. तरी तो ढिम्म. मी वळून सांगायचं, “बाबी, कणीक जास्त झाली म्हणतो.” मग बाबी म्हणणार, “तेका सांग, पखवाज कोण वाजयता?” मी परत आपाकडे वळायचं. मान दुखायला लागते हो.

एका वर्षी आम्ही पार घ्यायला उभे होतो. बायकांचं अजून चालू होतं. बाबी समईला पाठ करून उभा, आणि त्याच्या खांद्यावरच्या पंचाचं टोक लोंबत होतं, बरोबर ज्योतीवर. आपाने ते पाहिलं. मला म्हणाला, “बाळा, तेका सांग, पंचो पेटता हा.”

बाबी ऐकतोय. वासही आलाय त्याला. पण वळेल तर शपथ! मी घाईघाईने म्हटलं, “बाबी, मेल्या, पंचो पेटलो तुझो.” तेव्हा त्याने पंचा खांद्यावरून काढला, पायाखाली घेऊन विझवला, भोकातून एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “तेका सांग, माका म्हायत आसा.”

*

बायकांचं मात्र वेगळं. आपाची बायको शालीनवहिनी आणि बाबीची बायको सुमनवहिनी या दोघी जावा रोज बोलतात. मधल्या दगडी गडग्यावरून वाटी जाते, वाटी येते. ज्या रातांब्यावरून नवऱ्यांची तोंडं फिरली, त्याचीच सोलं दोघी मिळून एकाच चटईवर वाळवतात. शालीनवहिनी तर रोज सकाळी बाबीकडे जाऊन त्याच छत्रीचा टीव्ही बघून येते.

एकदा आपा माझ्या गिरणीत भात घेऊन आला होता. जेवणावरून विषय निघाला. आपा म्हणाला, “आमच्या घरातसारखी सोलकढी गावात खंय मिळाची नाय. आणि बाबीच्या घरात बघ, नुसता पाणी.” मी ‘होय होय’ म्हटलं. थोड्या वेळाने सुमनवहिनी आली, आणि आपा लांब गेलाय असं बघून हळूच म्हणाली, “भावोजींक काल कढी आवडली काय? माझ्या हातून मीठ जास्त पडलेला.”

मी आपाला अजून सांगितलेलं नाही. माणसाला कशात तरी सुख असू द्यावं.

*

देवळातल्या घड्याळाची गोष्ट सांगतो. ते घड्याळ मुंबईकरांनी दिलेलं, मोठं, खांबावर टांगलेलं. आमचा पार तीनला संपायचा आणि वरची वाडी यायची सव्वातीनला. “आमच्या घड्याळात आता वाजले,” हे गोपाळचं उत्तर ठरलेलं. तेव्हा सद्याने काय करावं? सकाळी कोणाचं लक्ष नसताना स्टुलावर चढून घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी ते वीस मिनिटं मागे गेलेलं. वरच्या वाडीतही स्टूल होतं. तिसऱ्या दिवशी सद्याने अर्धा तास पुढे केलं. चौथ्या दिवशी तासभर मागे. सहाव्या दिवशी तर गुरव दुपारची आरती करायला आला आणि घड्याळात सकाळचे साडेनऊ! तो बिचारा परत घरी जाऊन न्याहारीला बसला.

सगळं कळल्यावर गुरवाने घड्याळातला सेल काढला आणि घरी नेऊन टीव्हीच्या रिमोटमध्ये घातला. आता वेळ कशावर बघायची? शेवटी असं ठरलं, की मालवणहून तीनची यष्टी येते, ती वळणावर हॉर्न देते. हॉर्न वाजला की वीणा वरच्या वाडीकडे द्यायची. दोन्ही वाड्यांना मान्य.

त्या दिवशी यष्टी आली पाच वाजता. पंक्चर झाली होती कुठेतरी. वरची वाडी पिंपळाखाली सावलीत आरामात बसलेली, आणि आम्ही चौघे रिंगणात. चार वाजता माझा आवाज गेला. साडेचारला सद्या नुसते ओठ हलवायला लागला. मी आपाला खुणेने विचारलं, पुरे करूया? आपाने मान हलवली, नाही. नंतर म्हणाला, “यष्टी चुकात. आमी कित्याक चुकूया?”

*

माणसं कमी पडतात म्हणून एका वर्षी सद्याने डोकं चालवलं. माझा चुलतभाऊ वसंता नालासोपाऱ्याला असतो. त्याचा आवाज चांगला. त्याला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरलं. सद्याने होडीवर मोबाईल भिजू नये म्हणून वापरायची प्लॅस्टिकची पिशवी आणली, तिच्यात फोन घातला आणि गळ्यात अडकवून रिंगणात शिरला.

गोपाळ पायरीवर आधीच येऊन बसलेला असतोच, आमच्यात खंड पडतो का ते बघायला. तो गुरवाला म्हणाला, “माणूस आसा म्हणतत, पण पाय खंय आसत तेचे? वाडीतलो माणूस म्हणजे पायांनी फिराक होयो.” गुरवाने जरा विचार केला. म्हणाला, “सद्याचे पाय आसत. वसंताचो गळो आसा. मिळान एक माणूस झालो.”

सुरुवात बरी झाली. पण फोनवरून आवाज यायचा तो दोन मात्रा उशिरा. आमचं ‘हरी’ होऊन जायचं आणि मग सद्याच्या छातीतून वसंता म्हणायचा, ‘हरी!’ बाबीचा पखवाज कुठे जावं ते कळेनासा झाला. तरी नेटाने पाऊण तास गेला. मग फोनमधून वसंताचा आवाज बारीक यायला लागला. मला वाटलं नेटवर्क जातंय.

नेटवर्क नव्हतं जात. वसंता कळवळून म्हणत होता, “सद्या, माका घेरी येता रे! गोल गोल बघून पोटात ढवळता. जरा उलट्या बाजून फिरा!”

*

बँकेचे साहेब आम्हाला मिळाले ते बांगड्यामुळे. सप्ताहाचे सात दिवस गाव मासे खात नाही. सद्या समुद्रावर जातो, मासे आणतो, मालवणात नेऊन विकतो, पण खात नाही. आता तुम्ही मालवणी माणसाला सात दिवस मासे नाहीत म्हणजे काय ते समजून घ्या. तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर दिसायला लागतं.

तर हे साहेब नवीन बदलून आलेले, घाटावरचे, देवळामागच्या खोलीत भाड्याने. घरून शाकाहारी. इथे येऊन बांगडा शिकले, आणि नवा शिकलेला माणूस कसा असतो, दिसेल तेव्हा करणार! सुट्टीचा दिवस होता. सप्ताहातलं पाळणं त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. दुपारी दीड वाजता त्यांनी तवा ठेवला.

आम्ही रिंगणात. वारा खाडीकडून. तिरफळाचा वास, मग रव्यात घोळवलेल्या बांगड्याचा वास सरळ गाभाऱ्यापर्यंत. सद्याने डोळे मिटून घेतले. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि नाम गिळलं गेलं. बाबीचा पखवाज आपोआप द्रुत लयीत गेला. आपाने नुसती मान हलवून मला बाहेर पाठवलं, सांगून ये म्हणून.

साहेब दारात आले, हातात उलथणं. मी सांगितल्यावर बिचारे शरमले. म्हणाले, “अहो, मला खरंच कल्पना नव्हती. आता हे तळलेले मी फ्रीजमध्ये ठेवतो. तुमच्यासाठी पाच बाजूला काढतो, सप्ताह संपला की या.” आणि प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवसापासून रजा टाकून आमच्यात टाळ घेऊन उभे राहिले. आवाज साधारण, पण माणूस नियमित. दोन वर्षं आमच्या पारात होते.

सप्ताह उठला त्या दिवशी आपाने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, साहेबांच्या पापाबद्दल देवाला काय सांगायचं ते विचारतोय. इकडेतिकडे बघून तो म्हणाला, “बाळा, साहेबान कितके म्हटल्यान? पाच मां?”

*

आता गेल्या कार्तिकातलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि पाहण्याशिवाय दुसरं काही करू शकलो नाही, म्हणून नीट सांगतो.

साहेबांची जूनमध्ये बदली झाली होती. म्हणजे आम्ही परत चौघे. सप्ताहाचा पाचवा दिवस. सकाळी सद्याचा फोन आला, होडीचं इंजिन समुद्रात बंद पडलंय, दुसरी होडी ओढून आणतेय, तिन्हीसांज होईल. आणि माझा घसा आदल्या संध्याकाळपासून बसलेला. गिरणीतला कोंडा आणि चार दिवसांचं ओरडणं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शब्द काढायचा नाही. तरी मी टाळ घेऊन गेलो. म्हटलं, आपा टाकेल, मी कसंतरी झेलेन.

बारा वाजले. वीणा बायकांकडे होती, शालीनवहिनीच्या गळ्यात. तिने आम्हा तिघांकडे बघितलं. आपा, बाबी आणि खोकणारा मी. सुमनवहिनी म्हणाली, “आमी थांबतो व्हयतर. आवाजाक आवाज.” आपा म्हणाला, “नको. खालच्या वाडीचो पार बायकांनी राखलो, असा गोपाळ गावभर सांगात.” गोपाळ पायरीवर होताच. माणसं मोजून झाली होती त्याची, खुशीत दिसत होता.

मला वाटलं, वहिनी हट्ट करेल. तिने तसं काही केलं नाही. वीणा नवऱ्याच्या गळ्यात घातली आणि जावेचा हात धरला. “चल गो सुमन. हेंचा हे बघतले.” आणि सगळ्या बायकांना घेऊन चालू पडली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आपाने समईला नमस्कार केला आणि टाकलं, “राम कृष्ण हरी!”

मी तोंड उघडलं. नुसती हवा. परत प्रयत्न केला, तर हवाही नाही. आपाने चालता चालता माझ्याकडे बघितलं, मी घशाकडे बोट दाखवलं. त्याने स्वतःच टाकलेलं स्वतःच झेललं. परत टाकलं, परत झेललं. बाबीचे हात चालू, तोंड बंद. गोपाळ पायरीवरून उठून आत आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

सत्तरीचा माणूस, दोघांचं एकटा म्हणतोय आणि वर फिरतोय. पाच-सहा फेऱ्या झाल्या. त्याला धाप लागली. मी रडकुंडीला आलो, खोटं कशाला सांगू. सातव्या फेरीला त्याने “राम कृष्ण हरी” टाकलं आणि झेलायला श्वासच उरला नाही. वीणा घट्ट धरून तो समईजवळ नुसता उभा राहिला. टाळ मी वाजवत होतो, पखवाज चालू होता, नाम नव्हतं. गोपाळने तोंड उघडलं, काहीतरी बोलणार तेवढ्यात—

“राम कृष्ण हरी!”

बाबीने झेललं होतं. मान खाली, नजर पखवाजावर, पण आवाज मोकळा. बापासारखाच आवाज निघाला, आपापेक्षाही जास्त बापासारखा. आपा दचकला. मग त्याने पाऊल उचललं आणि परत टाकलं. बाबीने परत झेललं. मी देवाकडे बघून हात जोडले, हातात टाळ होते तसेच.

अर्धा तास असा सुरळीत गेला. मग फिरत फिरत बाबीसमोर आला असताना आपाने त्याच चालीत टाकलं, “फांदी कित्याक तोडलंस, राम कृष्ण हरी?”

माझा टाळ चुकला. बाबीचा हात एक क्षण थांबला. पण नियम म्हणजे नियम, टाकलेलं जसंच्या तसं झेलायचं! बाबीने झेललं, “फांदी कित्याक तोडलंस, राम कृष्ण हरी?” आणि लगेच आपलं टाकलं, “छत्रयेक आड येय होती, राम कृष्ण हरी!”

आता ते आपाने झेलायचं. काय करतो बघू म्हटलं. दात-ओठ खात, पण सुरात, आपाने झेललं, “छत्रयेक आड येय होती, राम कृष्ण हरी!” आणि पुढची फेरी घेतली.

गोपाळ गुरवाकडे धावला. “ह्या नामात बसता काय? फांदी काय, छत्री काय! खंड पडलो हेंचो!” गुरव फुलं निवडत बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, “हरी म्हणतत मां?” “म्हणतत, पण—” “मग गप बस.”

मग जे सुरू झालं! सात वर्षांचं सगळं निघालं. बापाच्या झाडाचं निघालं. आपाची गाय बाबीच्या कुळथात शिरलेली, ते निघालं. प्रत्येकाने आधी दुसऱ्याचा आरोप स्वतःच्या तोंडाने म्हणायचा, मगच आपला मांडायचा. बाबी तावातावाने पखवाज बडवतोय, आपा तरातरा फिरतोय, लय वाढलेली, मी टाळ सांभाळतोय. इतकं रंगलेलं भजन मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बाहेर पाणी भरायला आलेल्या बायका कळशा ठेवून उभ्या राहिल्या.

अडीचच्या सुमाराला आपा जरा हळू झाला. बाबीसमोर आल्यावर त्याने टाकलं, “माका पोटार कापल्यानी, तू बघूक इलंस नाय, राम कृष्ण हरी.”

बाबीने झेललं. मग त्याने पखवाजाचा आवाज अगदी खाली आणला आणि टाकलं, “दोन दिवस भायर होतंय, बाकड्यार, राम कृष्ण हरी.”

आपा थांबला. पूर्ण थांबला नाही, पाय तेवढे हलत होते जागच्या जागी. ऑपरेशनला सगळी वाडी जाऊन आली होती, मीही गेलो होतो. हॉस्पिटलबाहेरच्या बाकड्यावर बाबी बसलेला मला काही दिसला नव्हता. पण मी कधी बाकड्यांकडे बघितलं होतं?

झेलायचं तर होतंच. आपाने झेललं, “दोन दिवस भायर होतंय...” आणि पुढचं येईना. वीणेची तार नुसती वाजत राहिली. मग नाक ओढून, गळा साफ करून त्याने पुरं केलं, “...बाकड्यार, राम कृष्ण हरी.” मला समोरचं दिसत नव्हतं. समईच्या धुराने म्हणा.

तीन वाजता वरची वाडी आली. दहा-बारा माणसं, पांढरे सदरे, नवे टाळ. गोपाळ वीणा घ्यायला रिंगणाच्या कडेला मान वाकवून उभा राहिला. आपा त्याच्यासमोरून निघून गेला. पुढच्या फेरीलाही गेला. तिसऱ्या फेरीला गोपाळ वाकलेल्या मानेनेच म्हणाला, “आपानू, तीन वाजले. आता आमचो पार. वीणा देवा.”

आपाने चालता चालता हाताने त्याला खाली बसायची खूण केली, आणि बाबीकडे बघून टाकलं, “चेडवाच्या लग्नाचा रवला हा अजून, राम कृष्ण हरी!”

बाबीने मांडी बदलली, पखवाज जवळ ओढला आणि झेललं, “चेडवाच्या लग्नाचा रवला हा अजून, राम कृष्ण हरी!”

वरच्या वाडीला वीणा मिळाली ती पावणेसहाला.